कला शाखेची पदवी आणि व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण : वाचकांचे प्रश्न

कला शाखेत शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या वाचकांनी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी पाठवलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी इतिहास विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. एमबीएच्या वर्गात अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखेचेच विद्यार्थी असतात, असे सगळे सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थिनीने तेथे अर्ज करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ निश्चितच आहे. बहुतेक नामांकित संस्था कोणत्याही विद्याशाखेची पदवी ग्राह्य धरतात. शिवाय व्यवस्थापन शिक्षणाचा पूर्वेतिहास पाहिला, तर त्याची पदव्युत्तर शाखा मुळात तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच उभी राहिली, असे दिसते. डार्टमथ महाविद्यालयात १९०० साली स्थापन झालेल्या टक स्कूलमधले विद्यार्थी आधी तीन वर्षे सर्वसाधारण महाविद्यालयीन शिक्षण घेत आणि मग दोन वर्षे व्यवसायाचा अभ्यास करीत. हार्वर्डने १९०८ साली एमबीएचा जगातला पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तोही पदवीधरांसाठीच. गणिती पद्धती आणि संशोधन यांवरचा आजचा भर प्रामुख्याने १९५९ नंतरचा आहे. त्या वर्षी फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पाठबळाने तयार झालेल्या दोन स्वतंत्र अहवालांनी अमेरिकेतल्या व्यवसाय शिक्षणाच्या सुमार दर्जावर कठोर टीका केली आणि त्यानंतर अभ्यासक्रमांचे रूप पालटले. याच अहवालांनी विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण शिक्षणाचा पाया अधिक रुंद असावा, असाही आग्रह धरला होता; त्या अर्ध्या शिफारशीकडे मात्र पुढे फारसे लक्ष दिले गेले नाही, याची मला खंत वाटते.

इतिहासाचे विद्यार्थी या वाटेने गेल्याची उदाहरणे आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे नेतृत्व दोनदा करणारे ए. जी. लॅफ्ली यांची पहिली पदवी इतिहासाची होती. नौदलातल्या नोकरीनंतर त्यांनी हार्वर्डमधून १९७७ साली एमबीए केले. २०१४ पासून २०२३ पर्यंत यूट्यूबच्या प्रमुख असलेल्या सुझन वोजिस्की इतिहास आणि साहित्य शिकल्या, मग अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्यानंतर एमबीए केले. अशा दोन-चार यशस्वी व्यक्तींवरून आपलेही तसेच होईल, असा निष्कर्ष काढू नका; ही वाट बंद नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तुमच्या अभ्यासाचा खरा उपयोग केस स्टडीच्या तासाला होतो. अनेक संस्थांत एखाद्या कंपनीपुढे उभा राहिलेला निर्णय, त्या वेळी उपलब्ध असलेल्या कागदपत्रांसह विद्यार्थ्यांपुढे ठेवला जातो आणि वर्गातल्या चर्चेला गुणांचा मोठा वाटा असतो. माहिती अपुरी असते, साक्षी परस्परविरोधी असतात आणि तरीही एक भूमिका घेऊन तिचे समर्थन करावे लागते. साधनांची विश्वासार्हता तपासून युक्तिवाद उभा करण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत लागलेली असते. वर्गात अभियंते संख्येने अधिक असतील, हे खरे आहे. मात्र त्यामुळेच अनेक संस्था निवड करताना विद्याशाखांच्या वैविध्याचा विचार करतात आणि काही संस्था त्यासाठी वेगळे गुणही देतात.

प्रश्न : तत्त्वज्ञान विषयात मला उत्तम गुण आहेत, गणित मात्र शाळेनंतर सुटले, ते सुटलेच. प्रवेश परीक्षेतल्या गणिताची मला मनापासून भीती वाटते. परीक्षेपुरती तयारी करून निभावेल का? आणि कोणती परीक्षा निवडावी?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्यांतला पहिला अधिक महत्त्वाचा आहे. परीक्षेपुरती तयारी करून प्रवेश कदाचित मिळेल, पण पहिले सत्र निभावणार नाही. वित्तीय लेखांकन, संख्याशास्त्र, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि वित्तव्यवस्थापन हे विषय बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या काही महिन्यांतच एकत्र अंगावर येतात आणि शिकवण्याचा वेग मोठा असतो. वाणिज्य शाखेतून आलेला विद्यार्थी जमा-नावे, ताळेबंद आणि घसारा या संकल्पना घेऊन वर्गात बसतो. अभियंत्याला समीकरणे आणि संभाव्यता नवी नसते. कला शाखेचा विद्यार्थी त्या काळात दोन्ही गोष्टी नव्याने शिकत असतो आणि त्याच काळात उन्हाळी कामासाठी कंपन्यांच्या मुलाखतीही सुरू होतात. म्हणून ही तयारी प्रवेशाआधीच, घाई नसताना करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यासाठी उच्च गणिताची आवश्यकता नाही. टक्केवारी, गुणोत्तर, साधी बीजगणिती समीकरणे आणि आलेख यांची उजळणी करा. त्यानंतर वर्णनात्मक संख्याशास्त्र, संभाव्यता, नमुना निवड आणि साधे समाश्रयण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची पद्धत, रिग्रेशन) इथपर्यंत जा. एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाहाचे पत्रक ही तीन पत्रके एकमेकांशी कशी जुळतात, ते स्वतः आकडे मांडून शोधा. नफा दिसत असूनही कंपनीकडे रोख रक्कम का नाही, या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना लेखांकनाचा निम्मा गाभा हाती येतो. स्प्रेडशीटवर सूत्रे लिहून काम करण्याची सवय याच काळात लावून घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा दूरस्थ पायाभूत अभ्यासक्रम आकडेवारीचे विश्लेषण, व्यवस्थापकांसाठी अर्थशास्त्र आणि वित्तीय लेखांकन या तीन विषयांचा मिळून बनला आहे, यावरून नवख्या विद्यार्थ्याकडे नेमके काय कमी असते, याची कल्पना येईल. असा एखादा अभ्यासक्रम किंवा विद्यापीठातला संख्याशास्त्राचा विषय चांगल्या श्रेणीने पूर्ण केला, तर निवड समितीलाही तुमच्या तयारीचा पुरावा मिळतो.

परीक्षेची निवड अर्ज कोठे करायचा त्यावर ठरते. भारतीय व्यवस्थापन संस्थांसाठी कॅट द्यावी लागते. त्या परीक्षेत भाषा व आकलन, माहितीचे अर्थनिर्णयन व तर्क आणि गणित असे तीन विभाग असून गणिताची पातळी शालेय आहे. अडचण वेळेची असते. परदेशातल्या बहुतेक संस्था जीमॅट किंवा जीआरई यांपैकी कोणतीही एक परीक्षा स्वीकारतात. जीमॅटचे सध्याचे स्वरूप सव्वादोन तासांचे असून गणित, भाषा आणि माहितीचे विश्लेषण हे तीन विभाग प्रत्येकी ४५ मिनिटांचे आहेत. एकूण गुण २०५ ते ८०५ या श्रेणीत दिले जातात. त्यातून भूमिती वगळली आहे, पण गणिताच्या विभागात गणनयंत्र वापरता येत नाही. जीआरई सुमारे दोन तासांची आहे. तिच्यात भूमिती आहे, गणनयंत्र पडद्यावर मिळते आणि एक निबंधही लिहावा लागतो. तुमचा शब्दसंग्रह समृद्ध असेल आणि हाताने वेगाने आकडेमोड करणे जड जात असेल, तर जीआरई तुम्हाला अधिक अनुकूल ठरू शकते. जीमॅटच्या भाषा विभागात युक्तिवादातले गृहीतक किंवा दोष ओळखण्याचे प्रश्न असतात आणि तेथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला लाभ होतो. दोन्ही परीक्षांची एकेक पूर्ण सराव चाचणी वेळ लावून सोडवा आणि मगच निर्णय घ्या. दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे शिक्षण ताजे असतानाच परीक्षा देऊन ठेवणे सोयीचे होते.

प्रश्न : इंग्रजी साहित्यात पदवी घेतल्यावर लगेच व्यवस्थापनाला प्रवेश घ्यावा की आधी नोकरी करावी? घरी मतभेद आहेत.

उत्तर : माझे मत नोकरीच्या बाजूने आहे आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते अधिक ठाम आहे. परदेशातल्या पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात सरासरी चार-पाच वर्षांचा अनुभव असलेले विद्यार्थी असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न बहुधा नियमांनीच सुटतो. पण जेथे पदवीनंतर लगेच प्रवेश मिळतो, तेथेही दोन-तीन वर्षे थांबण्याचा विचार जरूर करावा. ज्याने कधी मासिक उद्दिष्टाचा ताण सोसलेला नाही, ग्राहकाची तक्रार ऐकून घेतलेली नाही किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला काम नीट समजावून सांगताना अडचण अनुभवलेली नाही, त्याला संघटनशास्त्राचे सिद्धांत पाठ करता येतात. त्यांचे महत्त्व मात्र उमजत नाही. मॅकगिल विद्यापीठातले प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी अनुभवहीन तरुणांना वर्गात बसवून व्यवस्थापक घडवता येत नाहीत, ही टीका अनेक वर्षे सातत्याने केली आहे. प्रत्यक्ष काम करीत असलेल्या व्यवस्थापकांसाठी १९९६ साली सुरू झालेला वेगळा अभ्यासक्रमही त्यांच्याच पुढाकाराचा आहे. त्यांची टीका काही ठिकाणी टोकाची वाटते, पण मूळ मुद्दा मला पटतो.

नोकरीला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. कला शाखेच्या पदवीतून तुमचे व्यावसायिक कौशल्य थेट दिसत नाही. ते कामातूनच दाखवावे लागते. प्रकाशन, जाहिरात, शिक्षणविषयक सेवा, ग्राहक संशोधन, जनसंपर्क, बँकेतले किंवा विक्रीतले काम, यांपैकी काहीही चालेल. मात्र ज्या कामात तुम्ही एखाद्या निश्चित परिणामाला जबाबदार असाल, ते निवडा. अंदाजपत्रक सांभाळण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नका.

थांबणे खरोखरच शक्य नसेल, तर दोन पर्याय आहेत. युरोपात रुजलेला मास्टर इन मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम नव्या पदवीधरांसाठीच असतो; पॅरिसची एचईसी, सेंट गॅलन विद्यापीठ आणि लंडन बिझनेस स्कूल येथे तो चालतो आणि कालावधी बहुधा एक ते दोन वर्षांचा असतो. त्यानंतरच्या नोकऱ्या सुरुवातीच्या पदांवरच्या असतात, हे लक्षात ठेवून तो निवडावा. दुसरा पर्याय आगाऊ प्रवेशाचा आहे. हार्वर्डच्या टू प्लस टू योजनेत शेवटच्या वर्षातला विद्यार्थी अर्ज करतो आणि निवड झाल्यास दोन ते चार वर्षे नोकरी करून मग वर्गात दाखल होतो. स्पर्धा अतिशय तीव्र असली, तरी अर्ज करताना आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा विचार वेळेवर होतो.

प्रश्न : माझ्या मुलीने मानसशास्त्रात पदवी घेतली आहे. एमबीए केल्याशिवाय तिला चांगली नोकरी मिळणार नाही, अशी आमची समजूत आहे. कर्ज काढण्याची तयारी आहे. आम्ही योग्य विचार करीत आहोत ना?

उत्तर : तुमची तळमळ मला समजते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. कर्ज काढण्याआधी या समजुतीची तपासणी व्हायला हवी. स्टॅनफर्डमधले जेफ्री फेफर आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टिना फाँग यांनी २००२ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला होता. एमबीएची पदवी किंवा त्या अभ्यासक्रमातले गुण यांचा पुढच्या कारकिर्दीतल्या यशाशी ठोस संबंध असल्याचा पुरावा फारच थोडा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर बराच वाद झाला आणि अत्यंत निवडक संस्थांची स्थिती वेगळी असते, हेही मान्य करावे लागेल. पण पदवीचे मूल्य बहुतांशी संस्थेवर, तिथल्या सहाध्यायांवर आणि तेथे येणाऱ्या नियोक्त्यांवर अवलंबून असते, हे तथ्य कोणत्याही पालकाने विसरू नये. सामान्य दर्जाच्या संस्थेतून घेतलेली एमबीएची पदवी आणि मोठे कर्ज, ही जोडी तरुण मुलीच्या पुढच्या निर्णयांवर अनेक वर्षे मर्यादा घालते. मनाजोगे पण कमी वेतनाचे काम स्वीकारण्याचे स्वातंत्र्य ती गमावते.

खर्च मोजताना शुल्क आणि राहण्याचा खर्च यांच्या जोडीला त्या दोन वर्षांत न मिळालेले वेतनही धरा. संस्थेकडून नोकऱ्यांची माहिती घेताना सरासरी वेतनापेक्षा मध्यक, म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे वेतन विचारा, कारण दोन-तीन अतिमोठ्या वेतनांमुळे सरासरी फुगते. किती टक्के विद्यार्थ्यांची माहिती त्या अहवालात आहे आणि कला शाखेतून आलेले विद्यार्थी कोठे लागले, हेही विचारा. असे प्रश्न विचारल्यावर जी संस्था टाळाटाळ करते, तिच्याविषयी सावध राहावे.

मानसशास्त्राच्या पदवीधरासमोर एमबीएखेरीज इतर वाटाही आहेत. औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मनुष्यबळ निवड, प्रशिक्षण आणि कार्यमूल्यमापन या क्षेत्रांत थेट उपयोगी पडते. ग्राहक वर्तनाचे संशोधन, संगणकीय सेवांच्या वापरकर्त्यांचा अभ्यास आणि समुपदेशन या क्षेत्रांतही मानसशास्त्राचे ज्ञान मुख्य भांडवल ठरते. आणि एक विनंती आहे : हे उत्तर मुलीसोबत बसून वाचा. पत्रात तुमची इच्छा स्पष्ट दिसते. तिची इच्छा काय आहे, याचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

प्रश्न : समाजशास्त्रात पदवी घेऊन मी चार वर्षे एका स्वयंसेवी संस्थेत काम करीत आहे. संस्था मोठी व्हावी, यासाठी मला व्यवस्थापन शिकायचे आहे. सहकारी म्हणतात, की हे ध्येयापासून ढळणे आहे. एमबीए करावे की लोकप्रशासनाचा अभ्यासक्रम निवडावा?

उत्तर : वेतन वेळेवर देणे, देणगीदाराला खर्चाचा चोख हिशेब देणे आणि चांगली माणसे टिकवून ठेवणे ही कामे सामाजिक संस्थेलाही चुकत नाहीत, ती नीट झाली नाहीत, तर ज्यांच्यासाठी संस्था उभी आहे त्यांचेच नुकसान होते. तेव्हा सहकाऱ्यांचा आक्षेप मला मान्य नाही. येल विद्यापीठाने १९७० च्या दशकात व्यवस्थापनाची शाळा काढली, तेव्हा तिच्या पदवीचे नावच सार्वजनिक आणि खाजगी व्यवस्थापन असे होते आणि १९९९ पर्यंत तेथे एमबीए ही पदवी दिली जात नव्हती. शासन, सेवाभावी संस्था आणि उद्योग या तिन्ही ठिकाणी एकच माणूस आयुष्यात काम करू शकेल, असा विचार त्यामागे होता.

मात्र आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे आणि तो तुम्ही गांभीर्याने घ्यावा. १९५० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या बेल टेलिफोन कंपनीने आपल्या होतकरू अधिकाऱ्यांना दहा महिने कामातून मोकळे करून विद्यापीठात साहित्य, तत्त्वज्ञान आणि कला शिकायला पाठवले होते. अधिकारी अधिक आत्मविश्वासाने आणि व्यापक दृष्टीने परतले. पण कुटुंब आणि समाज यांच्यापेक्षा कंपनीचे हित वर मानण्याची त्यांची ओढ कमी झालेली आढळली. कंपनीने हळूहळू पाठिंबा काढून घेतला आणि १९६० च्या सुमारास तो उपक्रम संपला. शिक्षण माणसाच्या निष्ठांचा क्रम बदलते, हे यातून दिसते आणि तुमच्या बाबतीत हा बदल उलट दिशेने होऊ शकतो. भोवतालचे बहुसंख्य सहाध्यायी सल्लागार कंपन्या आणि वित्तसंस्था यांच्या मुलाखतींची तयारी करीत असताना, डोक्यावर कर्ज असताना, मूळ हेतू टिकवणे कठीण जाते. म्हणून ज्या संस्थांमध्ये सामाजिक क्षेत्रात परतणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती किंवा कर्जफेडीला साहाय्य आहे, अशाच संस्थांचा आधी विचार करा.

दोहोंपैकी निवड तुमच्या कामाच्या स्वरूपावरून करा. संस्थेचा विस्तार, निधी उभारणी, हिशेब, पुरवठा आणि मनुष्यबळ हे तुमचे प्रश्न असतील, तर एमबीए उपयोगी ठरेल. शासकीय धोरण बदलणे, योजनांचे मूल्यमापन करणे आणि प्रशासनासोबत काम करणे हा तुमचा कल असेल, तर लोकप्रशासन किंवा लोकधोरणाचा अभ्यासक्रम अधिक जवळचा आहे. अर्जातल्या निबंधात समाजकार्याविषयीची सर्वसाधारण वाक्ये लिहू नका. तुमच्या हातून घडलेला एखादा निर्णय घ्या; तेव्हा कोणते पर्याय होते, विरोध कोणाचा होता, किती लोकांवर परिणाम झाला आणि पुढे काय झाले, ते लिहा. वाक्ये साधी ठेवा. समाजशास्त्रात क्षेत्रकार्य केलेल्या माणसाला हे वर्णन चांगले जमते.

प्रश्न : दूरस्थ एमबीए करावे का? संस्था खरी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : नोकरी सांभाळून ज्ञान वाढवायचे असेल, तर करावे, क्षेत्र बदलण्यासाठी ते क्वचितच पुरेसे पडते, कारण त्यात उन्हाळी काम आणि नियोक्त्यांशी प्रत्यक्ष भेटी बहुधा नसतात. संस्थेला आपापल्या देशातल्या अधिकृत नियामकाची मान्यता आहे का, हे सर्वप्रथम पाहा. त्याशिवाय १९१६ साली स्थापन झालेली एएसीएसबी, युरोपातली इक्विस आणि ब्रिटनमधली अँबा या तीन मान्यता आंतरराष्ट्रीय पातळीवर विश्वासार्ह मानल्या जातात. त्यांच्या अधिकृत याद्यांत संस्थेचे नाव स्वतः शोधा. माहितीपत्रकातल्या बोधचिन्हावर विसंबू नका.

प्रश्न : भाषाशास्त्रात पदवी, मग तीन वर्षे भाषांतर आणि आता एमबीएचे पहिले वर्ष. कन्सल्टिंगच्या मुलाखतीत माझ्या पार्श्वभूमीवर हमखास प्रश्न येतो आणि मी बचावात्मक होतो. काय उत्तर द्यावे?

उत्तर : 'मला संवादकौशल्य आहे', 'मी चौफेर विचार करतो' अशी विशेषणे प्रत्येक उमेदवार स्वतःला लावतो, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्यावर त्यांचा परिणाम होत नाही. भाषाशास्त्रज्ञ प्रचंड विस्कळीत सामग्रीतून नियम शोधतो, अपवादांवर नियम तपासून पाहतो आणि गरज पडल्यास नियम बदलतो. ही पद्धत तुम्ही एखाद्या भाषांतर प्रकल्पात कशी वापरली, हे दोन मिनिटांत सांगता येईल असे तयार ठेवा. मुदत, शब्दसंख्या, चुकांचे प्रमाण असे आकडे त्यात असू द्या. आकडे आल्यावर पुढचा प्रश्न बहुधा कामाविषयी येतो आणि पदवीची चर्चा मागे पडते.

केस मुलाखतीत बाजारपेठेचा अंदाज बांधणे किंवा नफा का घटला, हे शोधणे असे प्रश्न असतात. उत्पन्न आणि खर्च असे भाग पाडून प्रत्येकाची उकल मोठ्याने करण्याचा सराव एखाद्या अभियंता सहाध्यायासोबत करा. त्याला मांडणीत तुमची मदत होईल आणि तुम्हाला आकडेमोडीत त्याची. कन्सल्टिंगखेरीज ब्रँड व्यवस्थापन, मनुष्यबळ विकास आणि भाषिक तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतले उत्पादन व्यवस्थापन यांचाही विचार करा. यांतल्या शेवटच्या क्षेत्रात भाषाशास्त्र आणि व्यवस्थापन या दोन्हींची जाण असलेल्या माणसाची गरज रोजच्या कामात पडते, त्यामुळे तेथे तुमच्या पार्श्वभूमीचे स्पष्टीकरण मागितले जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. उन्हाळी कामाचे अर्ज भरताना निदान दोन अर्ज त्या क्षेत्रासाठी राखून ठेवा.